पोरगं ए बी सी डी म्हणतं पण पाणी मागत नाही, घरी काय करायचं?

अमळनेरकडच्या एका ताईंनी विचारलंय, थोडक्यात असं: मुलगा साडेतीन वर्षांचा, काही महिन्यांपूर्वी ऑटिझम सांगितलंय. इंग्रजी ए बी सी डी, रंगांची नावं, प्राण्यांची नावं सगळं म्हणतो पण भूक लागली, पाणी दे असं कधीच म्हणत नाही, हात धरून ओढत नेतो नाहीतर रडतो. थेरपीला जळगावला आठवड्यातून एकदाच जाणं जमतं. सासूबाई म्हणतात "याना बाप बी उशिराच बोलाले लागना", आणि दिराच्या हळदीत डीजे सुरू झाल्यावर तो जमिनीवर आडवा पडून ओरडायला लागला तेव्हा पाहुण्यांनी लाड जास्त झालेत म्हणून ऐकवलं. हे माझ्यामुळे झालं का, आणि घरी मी काय करू, हे दोन प्रश्न.

ताई, पहिल्याचं उत्तर आधी देते कारण ते डोक्यात फिरत असेपर्यंत दुसरं काही आत जात नाही. तुमच्यामुळे झालेलं नाही. ऑटिझम म्हणजे मेंदूची घडणच वेगळी असणं, त्यात जनुकांचा वाटा मोठा असतो आणि त्याची सुरुवात जन्माआधीच झालेली असते. आई थंड वागते म्हणून मूल असं होतं असं एके काळी परदेशातले मोठमोठे डॉक्टर सुद्धा म्हणायचे, ते कधीच खोटं ठरलंय. लसीमुळे होतं हे ज्या 1998 च्या लेखावरून पसरलं तो लेख छापणाऱ्या मासिकानेच 2010 मध्ये मागे घेतला, म्हणून राहिलेल्या लसी असतील तर बिनधास्त द्या. मोबाईलमुळेही ऑटिझम होत नाही. पण मोबाईल कमी करा हे मी तरीही सांगणार, कारण मोबाईल समोरून काहीच मागत नाही, पोराने बघितलं काय नाही बघितलं काय गाणं चालूच राहतं, आणि तुमच्या मुलाला नेमकी याच्या उलट सवय लावायचीय की मी काही केलं की समोरचं माणूस काहीतरी करतं.

आता सासूबाईंचं. त्या काही वाईट बोलत नाहीयेत, त्यांनी खरंच उशिरा बोलणारी पोरं वाढवलीत. पण उशिरा बोलणाऱ्या पोराचे हात आणि डोळे आधीपासून बोलत असतात. विमान गेलं की ते वर बोट दाखवतं आणि वळून आईकडे बघतं, तू पण बघितलं का म्हणून. खेळण्यातली गाडी आणून दाखवतं, नाव घेतलं की मागे वळतं, खोटा खोटा चहा पाजतं. दीड वर्षापर्यंत हे दिसत नसेल तर बोलणं आहे का नाही याच्या आधी त्याची चिंता करायची असते. सासूबाईंना वाद न घालता एवढंच विचारा, आई, हे लहानपणी तुम्हाला बोट दाखवून चांदोबा दाखवायचे का? बहुतेक हो म्हणतील, आणि फरक त्यांचा त्यांनाच कळेल. त्यांना आपल्या बाजूला घेणं फार गरजेचं आहे, का ते पुढे सांगते.

कानाची तपासणी झाली का हे तुम्ही लिहिलेलं नाही. जाहिरातीचं गाणं लागलं की धावत येतो म्हणजे कान चांगलेच आहेत असं घरचे म्हणतात, पण अर्धवट ऐकू येणाऱ्या मुलांनाही गाणं ओळखू येतं, आणि सर्दीने कानात पाणी साठून राहिलं असेल तरी शब्द नीट पोचत नाहीत. बेरा नावाची तपासणी असते, मूल झोपलेलं असताना करतात, त्याला काही सांगावं लागत नाही. ऑटिझमचं निदान झालेलं असलं तरी ही करायचीच.

मग ए बी सी डी. आजकाल खान्देशातल्या कुठल्याही गावात जा, घरात अहिराणी, अंगणवाडीत मराठी आणि पोरगं मात्र येलो, एलिफंट, ट्रँगल म्हणतंय असं दिसतं. लोक कौतुक करतात, आईला आशा वाटते की बोलतोय की, आणि मग कळत नाही की एवढं बोलणारा पाणी का मागत नाही. याचं कारण असं की यातल्या खूप मुलांची स्मरणशक्ती आणि क्रम पकडण्याची ताकद दांडगी असते, गाणं दर वेळी अगदी तसंच्या तसं वाजतं म्हणून ते पक्कं बसतं. मागणं ही वेगळी गोष्ट आहे. मागायला समोर माणूस आहे हे लक्षात यावं लागतं, आपल्या मनातलं त्याला आपोआप कळत नाही हे कळावं लागतं, आणि आवाज, बोट, नजर यातलं काहीतरी त्याच्यापर्यंत पोचवावं लागतं. तुमच्या मुलाचं घोडं तिथे अडलंय. म्हणून माझं स्पष्ट मत आहे की पुढचे काही महिने नवीन शब्द पाठ करून घेणं, फ्लॅशकार्ड, ए फॉर ॲपल सगळं बाजूला ठेवा, आणि सगळी ताकद एकाच गोष्टीवर लावा की त्याला मागता आलं पाहिजे. तोंडाने, हाताने, फोटोने, कशानेही.

तो हात धरून ओढतो ना, ते मागणंच आहे. थेरपीत कोणी ते बंद करा म्हणालं तरी बंद करू नका, त्यालाच पुढे न्यायचंय. तो तुमचा हात धरून डब्याकडे नेतो, तिथे पोचल्यावर लगेच डबा काढू नका, खाली बसा, तुमचं तोंड त्याच्या तोंडासमोर येईल असं, आणि मनात दहा आकडे मोजा. हे दहा आकडे आयांना फार जड जातात, पण या मुलांना ऐकलेलं समजून काही करायला वेळ लागतो आणि आपण तिसऱ्या आकड्यालाच देऊन टाकतो. त्या वेळात त्याने डब्याला हात लावला, तुमच्याकडे क्षणभर बघितलं, आवाज काढला, काहीही केलं की लगेच द्या आणि देताना एकच शब्द म्हणा, "मुरमुरा". थोडासाच द्या म्हणजे पुन्हा मागायची वेळ येते. आवडीच्या वस्तू आतलं दिसेल अशा घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवा, शेव, मुरमुरे, खारी, काय असेल ते, मग त्याला तुमची गरज पडते. काही दिवसांनी हाताला धरून नेण्याऐवजी त्याचं बोट तुम्ही हलकेच पुढे करा, मग स्वतः करायला लागेल.

यात एक गोष्ट कधीच करू नका, "बोल, मग देते". बोलता येत असतं तर बोलला असता. रडेपर्यंत ताणलं की तो एवढंच शिकतो की आईकडे मागायला गेलं की त्रास होतो. आणि पाणी, जेवण, संडास याला कुठलीच अट नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा 44-45 ला जातो, त्यात बोलल्याशिवाय पाणी नाही असले प्रयोग मी घराघरात बघितलेत आणि मला त्याचा अतिशय राग येतो. पाणी आधी द्या, शब्द देताना म्हणा, बस.

फोटोंचं सांगते. त्याचाच पेला, त्याचीच ताटली, त्याची झोपायची गोधडी, संडास, बाहेर जायची तुमची मोटरसायकल, यांचे मोबाईलवर साधे फोटो काढा आणि झेरॉक्सच्या दुकानात रंगीत प्रिंट काढून लॅमिनेट करून घ्या. सुरुवात दोनच फोटोंनी करा, त्याच्या उंचीला भिंतीवर लावा. तो पाण्याकडे ओढायला लागला की वाटेत त्याचा हात फोटोला लावून घ्या, "पानी" म्हणा आणि पाणी द्या. घरात खूप जण विचारतात की फोटोची सवय लागली तर बोलणारच नाही. तसं होत नाही. मागणं जमलं की चिडचिड कमी होते, आणि ज्यांचं बोलणं येणार असतं त्यांचं त्याने अडत नाही, उलट मदतच होते. ज्यांचं येत नाही त्यांना निदान आयुष्यभर रडून मागावं लागत नाही. थोडं जमायला लागलं की आयआयटी मुंबईने केलेलं जेलो नावाचं मोफत ॲप आहे, मराठीतही चालतं, चित्र दाबलं की बोलतं, ते बघा. पण आधी कागदाचे फोटो, कारण मोबाईल हातात आला की तो यूट्यूबच शोधणार.

तो आपण बोललेलं परत म्हणतो का? तुम्ही "भूक लागनी का?" विचारलं आणि तो पण "भूक लागनी का" म्हणाला तर ते चिडवणं नाही आणि निरर्थक पण नाही. पुष्कळदा तेच त्याचं हो असतं. काही मुलं तर नंतर भूक लागली की स्वतःहून येऊन "भूक लागनी का" म्हणतात, कारण ते वाक्य म्हटलं की जेवण येतं हे त्यांनी पकडलेलं असतं. म्हणून त्याच्यासमोर प्रश्न कमी विचारा आणि त्याने जे म्हणायला पाहिजे ते त्याच्या बाजूने तुम्ही म्हणा. पाण्याकडे बघतोय, तर "पानी पाहिजे का" न म्हणता "पानी दे" म्हणा. तो परत म्हणेल तर थेट मागणंच होईल.

तुमच्या लक्षात आलं असेल मी अहिराणीच लिहिलं. कोणीतरी तुम्हाला सांगितलं असेल, किंवा सांगेल, की घरात एकच भाषा बोला, शुद्ध मराठी बोला, शाळा सेमी इंग्लिश आहे तर इंग्रजीच बोला. ऐकू नका. दोन भाषांमुळे ऑटिझम असलेल्या मुलाचं बोलणं मागे पडतं असं अभ्यासात कुठे दिसलेलं नाही, आणि नुकसान मात्र मी डोळ्यांनी बघितलंय. दिवसभर पोराजवळ कोण असतं? आजी. तिला शुद्ध मराठीत बोला म्हटलं की ती त्याच्याशी बोलायचंच बंद करते. गप्प बसते, आणि तो गप्प घरात वाढतो. आजी जे बोलते, गुणगुणते, रागावते, लाडाने हाक मारते ते सगळं अहिराणीत आहे, ते त्याला मिळू द्या. फक्त वाक्य छोटं ठेवायला सांगा. "आठे ये", "बस", "दे", "भाकर ले". म्हणून म्हटलं सासूबाई आपल्या बाजूला पाहिजेत. आठवड्याला एक तास थेरपी, बाकी सगळे तास घरातच जातात, म्हणून खरं काम तिथेच होणार.

झोका आहे का घरी? आखाजीला झाडाला बांधतात तो मोठा असेल तर फारच छान, नसेल तर कडीला साडीचा बांधा. यातल्या बऱ्याच मुलांना झोका मनापासून आवडतो, त्याने अंग शांत होतं. झोका द्या, तीन-चारदा, मग धरून थांबवा, समोर उभं राहून थांबा. अंग हलवलं, बघितलं, की "आजून!" म्हणून पुन्हा द्या. मला विचाराल तर टेबलखुर्चीवर बसवून करून घेतलेल्या तासभर ॲक्टिव्हिटीपेक्षा ही पंधरा मिनिटं मोलाची, कारण इथे तो स्वतःहून तुमच्याकडे बघतो. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी धरून तोंड वळवू नका, काही मुलांना एकाच वेळी डोळ्यात बघणं आणि ऐकणं खरंच जमत नाही, दुसरीकडे बघत असला तरी ऐकत असतो.

हळदीचं. डीजेचा आवाज तुम्हाला मोठा वाटतो, त्याला तो दुखतो. मिक्सर, कुकरची शिट्टी, लाईट गेल्यावर पंखा थांबणं, अंगावरचा नवा खरखरीत शर्ट, एकदम पन्नास अनोळखी माणसं गालाला हात लावणार, हे सगळं एकावर एक साठत गेलं आणि डीजेने ते फुटलं. लाड आणि याच्यात फरक कसा ओळखायचा तर हट्ट करणारं पोर मधून मधून बघतं की आई बघतेय का, आणि वस्तू मिळाली की शांत होतं. हे फुटलेलं पोर तुम्ही चॉकलेट दिलं तरी शांत होत नाही, कारण त्याला काही नकोच असतं, त्याला ते थांबायला हवं असतं. अशा वेळी समजावू नका, रागावू नका, बोलणंच बंद करा, उचलून आवाजापासून लांब न्या आणि बघे लोक हटवा. घट्ट मिठी काहींना आवडते काहींना त्याने अजून त्रास होतो, तुमच्या मुलाचं काय ते तुम्हालाच माहीत असणार. पुढच्या लग्नाला जायचंच, पण ठरवून जा: हळदीच्या डीजेला नको, जेवणाला जा, गर्दीच्या आधी पोचून त्याला जागा दाखवा, कडेला बसा, कारखान्यात कामगार घालतात तसे कानावरचे मफ मिळतात ते घरी आधी सवय करून न्या, आणि कधी निघायचं हे दादांशी, म्हणजे मुलाच्या वडिलांशी, आधीच बोलून ठेवा म्हणजे तिथे वाद नको. कानबाईच्या विसर्जनाला, गणपतीत हेच. पाहुण्यांसाठी लांब भाषण करायची गरज नाही, "त्याला आवाजाचा त्रास होतो" एवढंच, आणि ते दादांनी म्हणायचं. आईने म्हटलं की लाड ठरतात, बापाने म्हटलं की लोक गप्प बसतात. बरोबर नाही हे, पण आपल्याकडे असंच आहे, तर त्याचा उपयोग करून घ्या.

जेवणाचं तुम्ही विचारलं नाही पण बहुतेक असेलच, ठरावीक बिस्किट, ठरावीक भात. जबरदस्तीने कोंबू नका, नवीन पदार्थाचा छोटा घास ताटात बाजूला ठेवा आणि खाल्लाच पाहिजे म्हणू नका. भरीत सारखं गिळगिळीत काही मुलांना हातातही धरवत नाही, त्याच घरात ठेच्याची चटक लागलेलं पोरही असतं. रक्त कमी आहे का आणि पोट साफ होतं का हे डॉक्टरांकडून बघून घ्या. आणि चांगलं चाललेलं पोर अचानक डोकं आपटायला लागलं, झोप उडाली, तर आधी दात, कान, पोट बघा, कारण दुखतंय हे त्याला सांगता येत नाही. मध्येच टक लावून थांबतो, हाक मारली तरी, हात लावला तरी कळत नाही असं होत असेल तर त्याचा व्हिडिओ काढून मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा, फिट असू शकते.

आता जे सगळ्यात कळकळीने सांगायचंय ते. विहीर. तुमचं घर गावात असलं तरी शेत असेल, शेतात विहीर असेल, शेततळं असेल, पाट असेल. यातल्या बऱ्याच मुलांना पाण्याची ओढ असते, मोटार सुरू झाली की धार बघत तासभर उभी राहतात, आणि ती न सांगता निघून जातात, हाक मारली तर ओ देत नाहीत. बुडणं हा या मुलांच्या जिवाला असलेल्या मोठ्या धोक्यांपैकी एक आहे. दाराला वरच्या बाजूला कडी लावा. त्याच्या अंगात असं काहीतरी पाहिजे ज्यावर फोन नंबर आहे, गळ्यातलं लॉकेट सहन होत नसेल तर शर्टाच्या आत शिवून घ्या. शेतात नेलं की एका माणसाचं नाव ठरवा, आता याच्याकडे कोण बघतंय, "सगळे आहेत ना" म्हणजे कोणीच नाही. शेजारच्यांना, दुकानदाराला सांगून ठेवा की एकटा दिसला तर हाक मारत बसू नका, जाऊन हात धरा. आणि हरवला तर सगळ्यात आधी पाण्याकडे धावा, नातेवाईकांना फोन नंतर.

उपचारांच्या नावाने तुमच्याकडे खूप लोक येतील. ऑटिझम बरा करणारं औषध नाही. फार चिडचिड, स्वतःला मारून घेणं असेल तर मानसोपचार तज्ज्ञ काही गोळ्या देतात, त्या त्या त्रासापुरत्या असतात, त्यांच्याच देखरेखीत घ्यायच्या. स्टेम सेलसाठी लोक जमीन विकायला निघतात, तर 2022 मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने ऑटिझमसाठी स्टेम सेलची शिफारस नाही असं स्पष्ट सांगितलंय. देवाला नवस बोला, मुक्ताईला जा, माझी काहीच ना नाही, त्याने घराला धीर येतो. पण पोराला उपाशी ठेवणं, कोंडणं, मारणं, अंगाला काही लावणं हे कोणीही सांगितलं तरी नाही म्हणजे नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगते. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे. जिल्हा रुग्णालयात इसा नावाची 40 मुद्द्यांची चाचणी करतात, त्यावर टक्के ठरतात, 40 टक्के किंवा वर असेल तर बहुतेक सवलती लागू होतात, 6 ते 18 वर्षांपर्यंत मोफत शिक्षणाचा हक्क पण त्यातच. युडीआयडी कार्डाचा, म्हणजे दिव्यांग ओळखपत्राचा, अर्ज ऑनलाईन करता येतो. ते आलं की निरामय नावाचा सरकारी आरोग्य विमा काढा, वर्षाला 1 लाखापर्यंत, थेरपीचा खर्चही काही प्रमाणात मिळतो, पावत्या सगळ्या जपून ठेवा. दादा पगारदार असतील आणि जुन्या पद्धतीने टॅक्स भरत असतील तर दिव्यांग मुलाच्या खर्चासाठी 75 हजारांची वजावट आहे. आरबीएसकेची, म्हणजे सरकारी बालआरोग्य तपासणीची, गाडी अंगणवाडीत वर्षातून दोनदा येते, त्या डॉक्टरांकडून डीईआयसीला, म्हणजे जिल्ह्याच्या ठिकाणच्या बालकांच्या केंद्रात पाठवायची चिठ्ठी मागा, तिथे तपासणी आणि थेरपीचे पैसे लागत नाहीत. सर्टिफिकेट काढलं की पोरावर शिक्का बसतो असं घरात कोणीतरी म्हणेलच, पण कागद कपाटात ठेवता येतो, लागला तर काढता येतो. अंगणवाडी बंद करू नका, आधी अर्धा तास, तुम्ही सोबत, पाण्याचा आणि संडासचा फोटो तिथेही लावा आणि सेविका ताईंना दाखवून ठेवा. धाकटं भावंड असेल किंवा होणार असेल तर दीड ते दोन वर्षांच्या मधे त्याची पण तपासणी करून घ्या, एका घरात दुसऱ्याला असण्याची शक्यता इतरांपेक्षा जास्त असते.

जळगावच्या त्या एका तासाचं. बाहेर बाकावर बसू नका, आत बसायला मागा. आणि म्हणा की आज मला एकच गोष्ट शिकवा, माझ्याकडून तुमच्यासमोर करून घ्या, चुकलं तर सांगा. पोर थेरपिस्टकडे बोललं आणि घरी बोललं नाही तर तुमचा गाडीभाड्याचा पैसाही वसूल होत नाही. आठवडाभरात जे करता त्याचा दोन मिनिटांचा व्हिडिओ दादांना काढायला सांगा आणि तो तिथे दाखवा, तुम्ही तोंडी सांगता त्यापेक्षा व्हिडिओवरून त्यांना जास्त कळतं.

सुरुवात या आठवड्यात बरणी, दोन फोटो आणि झोका, एवढ्यानेच करा. बेरा राहिली असेल तर ती या महिन्यात उरकून घ्या. तो दिवसातून किती वेळा, कशासाठी आणि कसं मागतो, हात ओढून का आवाज करून का फोटोला हात लावून, हे कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकोनात लिहीत जा, दोन आठवड्यांचं झालं की बेराच्या रिपोर्टसोबत मला कळवा, मग पुढचे फोटो कुठले घ्यायचे ते सांगते.